रुग्णाशी नातं : मित्र

३० जून २०२१ रोजी तेवीस गावं एकदम पुणे महापालिकेत आली. मुळशी तालुक्यातलं सूस त्यातलंच. पाषाणकडून टेकडी ओलांडली की गाव लागतं. एका अंगाला बाणेर-बालेवाडी, थोडं पुढे हिंजवडीची आयटी वसाहत, लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिसचं विद्यापीठ. गावठाणात भावकी शाबूत आहे. रस्त्याकडेच्या उंच सोसायट्यांमध्ये मात्र लातूर, परभणी, जळगाव, नागपूरहून आलेली पोरं-पोरी तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेऊन राहतात. करार अकरा महिन्यांचा, पोलीस पडताळणी झालेली, समोरच्या दारावरच्या पाटीपलीकडे शेजाऱ्याची ओळख नाही. आईवडील फोनवर असतात. ताप चढला की रिक्षा बोलावतो तो फ्लॅटमधला मित्र.

क्विअर माणसांच्या, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी वगैरेंच्या, आणि ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया असलेल्या न्यूरोडायव्हर्जंट माणसांच्या मनःस्वास्थ्याकडे अशा जागेवरून पाहायचं ते याचसाठी. शहराच्या पोटात डॉक्टर, संस्था, मेळावे असतात. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, मग ते आधाराचं असो की जाचाचं. शहराच्या कडेला दोन्ही अर्धंमुर्धं मिळतं आणि बाकीचा सगळा भार मैत्रीवर येतो. गेल्या काही दशकांत या विषयात वैद्यकशास्त्र बदललं, कायदा बदलला, नाटक-सिनेमाही बदलला. पण हा भार उचलणाऱ्या मित्राला व्यवस्थेने अजून नीट हिशेबात धरलेलं नाही, असं माझं मत आहे.

हे दोन गट एकत्र का घ्यायचे, असं कुणी विचारेल. एक कारण आकड्यांचं आहे. वरुण वॉरियर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली सहा लाखांहून अधिक माणसांची माहिती तपासली. जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी ज्यांची ओळख जुळत नाही, अशा माणसांत ऑटिझमचं प्रमाण इतरांच्या तिप्पट ते सहापट आढळलं. असं का, यावर एकमत नाही. ‘लोक काय म्हणतील’ हे ज्याला जन्मतःच कमी ऐकू येतं तो स्वतःबद्दलचं सत्य लवकर बोलून टाकत असेल, हे एक स्पष्टीकरण दिलं जातं आणि मला ते पटण्यासारखं वाटतं. दुसरं कारण आकड्यांपलीकडचं आहे. दोन्हीकडे मूल लहानपणीच एक गोष्ट शिकतं, ती म्हणजे आपण जसे आहोत तसे दिसायचं नाही. चालणं, हातवारे, आवाज, नजर, हसण्याची वेळ, सगळं इतरांकडे पाहून बसवायचं. दिवसभर हे नाटक करून माणूस घरी येतो तेव्हा तो दमलेला असतो, आणि का दमलाय हे त्याला सांगता येत नाही.

मराठीत हा विषय आत्ता पाश्चात्त्य वाऱ्यावर आला, असं मानणाऱ्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ आठवावं. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या या मासिकात वाचक समलिंगी संबंधांबद्दलही प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. त्यावरून १९३४ साली खटला झाला तेव्हा कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या कोर्टात झालेला हा युक्तिवाद आपल्या सामाजिक आठवणीतून पुसला गेला होता. अजित दळवी आणि अतुल पेठे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ नाटकाने कर्व्यांचे खटले पुन्हा रंगमंचावर आणले.

पण या लेखाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं नाटक तेंडुलकरांचं आहे. ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं; मित्रा या नायिकेच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही कॉलेजातली मुलगी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात आहे, आणि ही गोष्ट आपल्याला सांगतो तो तिचा मित्र बापू. चर्चा बहुतेक मित्राबद्दल होते. मला बापूबद्दल बोलावंसं वाटतं. तो बुजरा आहे, सज्जन आहे, तिच्यावर त्याचा जीव आहे. ती त्याच्यापाशी मन मोकळं करते, त्याला कामाला लावते, त्याच्यावर चिडते, परत येते. तो जमेल तेवढं करतो आणि शेवटी त्याला ते झेपत नाही. मित्रा वाचत नाही. बापू दुष्ट नव्हता, पण या स्थितीत आपण मित्र म्हणून नेमकं काय करावं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्याने स्वतः कुणाकडे जावं अशी जागाही नव्हती. आज सूसच्या एखाद्या फ्लॅटमध्ये हेच चाललं असेल तर बापूच्या हातात मोबाइल आहे एवढाच फरक पडलाय की आणखी काही, हे तपासायला हवं.

काही फरक नक्की पडलाय. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. पारलिंगी असणं मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढणारी आरोग्य संघटनेची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने, समलैंगिकता हा आजार नाही हे २०१८ च्या मध्यावर जाहीरपणे म्हटलं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातला, सज्ञानांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. पाश्चात्त्य यादीनंतर तब्बल पंचेचाळीस वर्षं लागली. या पंचेचाळीस वर्षांत आपल्या दवाखान्यांतून किती मुलं ‘बरी’ करायला नेली गेली, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

आणि ते संपलंय असंही नाही. मे २०२० मध्ये मूळची केरळची एक विद्यार्थिनी गोव्यात मृतावस्थेत सापडली. ती उभयलिंगी होती, आणि आपल्याला बदलण्यासाठी घरच्यांनी केंद्रांमध्ये ठेवून औषधं दिल्याचं तिने त्याआधी स्वतः सांगितलं होतं. ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. आनंद व्यंकटेश यांनी अशा ‘उपचारां’वर बंदी घालण्याचे आदेश दिले. निकाल लिहिण्याआधी या न्यायाधीशांनी आपल्याला हा विषय कळत नाही असं मान्य करून मानसशास्त्रज्ञाची वेळ घेतली होती. न्यायमूर्तींच्या खुर्चीला हे शोभलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. पण परिषदेचा धाक डॉक्टरला असतो. बाबाला, महाराजांना, ‘लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल’ म्हणणाऱ्या मामांना कुठल्याच परिषदेचा नाही.

न्यूरोडायव्हर्जन्सच्या बाबतीत महाराष्ट्राने एक काम लवकर केलं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देणारं हे पहिलं राज्य, आणि ते साल होतं १९९६. ज्यादा वेळ, लेखनिक, काही विषयांत सूट यामुळे कितीतरी मुलांची दहावी पार पडली. ‘तारे जमीं पर’ त्यानंतर अकरा वर्षांनी, २००७ साली आला आणि पाचगणीच्या शाळेतल्या ईशानमुळे डिस्लेक्सिया घराघरांत पोचला. मुंबईत २००१ पासून ‘उम्मीद’सारखं केंद्र बालविकासावर काम करतंय, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आली.

एडीएचडी मात्र त्या एकवीसांत नाही. शिवाय यातली बहुतेक रचना मुलांसाठी आहे. अठरा पूर्ण झाली की ऑटिझम जातो, अशी बहुधा सरकारी समजूत असावी. अठ्ठावीस वर्षांची इंजिनिअर मुलगी हिंजवडीत काम करते, बैठकीनंतर बाथरूममध्ये जाऊन कान झाकून बसते, आणि एक दिवस तिला आपल्या अवस्थेचं नाव समजतं. तिच्या तपासणीसाठी प्रौढांचा अनुभव असलेले तज्ज्ञ शोधावे लागतात. मुलींच्या बाबतीत हे फार होतं, कारण ‘शहाणी, शांत मुलगी’ हे आपल्याकडचं प्रशस्तिपत्र आहे, लक्षण नाही. एडीएचडीसाठी वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडतं. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते, त्यामुळे बहुतेक औषधवाले त्या भानगडीत पडत नाहीत. म्हणजे ज्या माणसाची मूळ अडचणच कागदपत्रं आणि वेळ सांभाळण्याची, त्यालाच दरमहा हा शोध लावून दिलेला आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू गैरवापर रोखण्याचा असला तरी यातला विनोद त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

आता स्वस्वीकार. हल्ली त्याचा बाजार झालाय. ‘स्वतःवर प्रेम करा’ हे वाक्य मगवर, टी-शर्टवर आणि रिळांमध्ये फुकट मिळतं. जणू ही एकट्याने आरशासमोर करायची गोष्ट आहे. अभ्यास आणि अनुभव दोन्ही वेगळं सांगतात. इलान मायर या संशोधकाने २००३ साली मांडलेला अल्पसंख्याक-ताणाचा सिद्धान्त असा की या माणसांमधलं नैराश्य आणि चिंता त्यांच्या वेगळेपणातून उपजत नाही. भेदभाव, नकाराची सततची धास्ती, लपवाछपवी आणि समाजाचा तिरस्कार स्वतःतच मुरवून घेणं, यांतून ती साचते. मग उतारही माणसांमधूनच मिळायला हवा. स्वतःला स्वीकारण्याआधी कुणीतरी आपल्याला स्वीकारलेलं पाहावं लागतं. बहुतेकांच्या बाबतीत ते पहिलं माणूस आई नसते, मित्र किंवा मैत्रीण असते. आईला सांगण्याची तालीम मित्रासमोर होते.

उशिरा निदान झालेल्यांचा स्वीकार तर दुपदरी असतो. ‘मी आळशी नव्हते’ हा मोठा दिलासा, आणि त्याच्या पाठोपाठ गेलेल्या वीस वर्षांचं दुःख. शाळेतल्या प्रत्येक शेऱ्याचा हिशेब पुन्हा मांडला जातो. क्विअर असलेल्यांना हा हिशेब दोनदा मांडावा लागतो. अशा काळात नुसतं ‘आता कळलं ना, मग पुढे चल’ म्हणणारा मित्र उपयोगाचा नसतो. गप्प बसून तीच हकिगत चौथ्यांदा ऐकणारा लागतो.

ऑटिस्टिक माणसांना मैत्री नको असते, हा गैरसमज अजून डॉक्टरांमध्येही भेटतो. ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, त्याने २०१२ साली हा प्रश्न उलटा करून विचारला. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणता, तर इतरांना त्याचं तरी कुठे कळतं? समज तुटते ती दोन्ही बाजूंनी. पुढे एडिंबरामध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींसारखा प्रयोग केला. एक गोष्ट माणसांच्या साखळीतून पुढे पाठवायची आणि शेवटी किती उरते ते पाहायचं. २०२० च्या निष्कर्षात नुसत्या ऑटिस्टिक माणसांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच चांगली ठरली. मिश्र साखळीत गोष्ट अधिक हरवली. २०२५ मध्ये मोठ्या संख्येवर प्रयोग पुन्हा झाला तेव्हा मिश्र साखळीतली ती घसरण दिसली नाही. पण दोन्ही वेळा एक गोष्ट कायम राहिली, ती म्हणजे ऑटिस्टिक माणसं आपसांत संवाद साधण्यात उणी पडली नाहीत.

व्यवहारात अशी मैत्री वेगळी दिसते, एवढंच. तीन आठवडे मेसेजला उत्तर नाही, मग रात्री दीड वाजता पंधरा मेसेज. एकमेकांसमोर बसून दोघं आपापलं काम करत राहतात, तीन तासांत चार वाक्यं बोलतात आणि संध्याकाळ छान गेली असं दोघांनाही वाटतं. ‘घरी पोचलास का’ हा प्रश्न विचारायला विसरणारा मित्र निष्काळजी असेलच असं नाही. आपल्याकडे मैत्रीचं माप येण्या-जाण्यावर आणि लग्नाकार्यातल्या हजेरीवर मोजलं जातं. त्या मापाने ही माणसं नापास होतात आणि मग स्वतःलाच माणूसघाणी समजू लागतात.

निवडलेल्या नात्यांची आपल्याकडे एक जुनी परंपरा आहे, ती विसरून चालणार नाही. हिजडा समाजातली गुरू-चेला व्यवस्था म्हणजे घराबाहेर काढलेल्यांनी उभं केलेलं घर. तिथे आई आहे, नानी आहे, आजारपणात करणारं माणूस आहे, मेल्यावर रडणारं आहे. अर्थात तिथे शिस्त, देणी आणि दंडही आहेत; बाहेरून पाहणाऱ्या इंग्रजी वाचकांना तिचं जे रम्य चित्र आवडतं तेवढी ती रम्य नाही. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ किंवा दिशा पिंकी शेख यांची कविता वाचली की दोन्ही बाजू कळतात. पण सोसायटीतल्या सुशिक्षित समलिंगी मुलाला यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. या व्यवस्थेत कुणी कुणाचं करायचं हे ठरलेलं असतं. त्याच्या मित्रमंडळात काहीच ठरलेलं नसतं.

पुण्यात मध्यमवर्गीय, मराठी बोलणाऱ्या समलिंगी माणसांसाठी पहिलं दार उघडलं ते बिंदुमाधव खिरे यांनी. अमेरिकेतली संगणक क्षेत्रातली नोकरी सोडून परतल्यावर २००२ साली त्यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून होता, पण खिऱ्यांनी मराठीतून लिहिलं आणि पालकांना धरून लिहिलं, हे त्यांचं वेगळेपण. ‘पार्टनर’ ही कादंबरी आणि पालकांच्या कथनांचं ‘मनाचिये गुंती’ ही पुस्तकं कित्येक घरांत कपड्यांच्या घडीखाली लपवून वाचली गेली असतील. डिसेंबर २०११ मध्ये पुण्याची पहिली प्राइड यात्रा त्यांनीच काढली. २०१७ च्या यात्रेआधी ‘सभ्य कपडे घाला’ असं आवाहन झालं आणि त्यावरून जे रण माजलं ते अस्सल पुणेरी होतं. तरुण पिढीचा राग मला समजतो. पण सदाशिव पेठेतून पालकांना रस्त्यावर आणायचं तर काय करावं लागतं, हेही ज्याने ते केलंय त्यालाच ठाऊक.

या वर्तुळांच्या मर्यादा आहेत. ती लहान असतात, त्यामुळे एखादं प्रेम तुटलं की निम्मं मित्रमंडळ तुटतं. गप्पांची भाषा पटकन इंग्रजी होते आणि औशाहून आलेला मुलगा गप्प बसतो. जात विचारली जात नाही, पण आडनावावरून कळते. ढोलताशे, डीजे, झगमगाट यांनी भरलेला आनंदमेळा ऑटिस्टिक माणसाला अर्ध्या तासात बाहेर घालवतो. एक शांत खोली ठेवायला खर्च येत नाही, आठवण लागते. आणि डेटिंग अ‍ॅपवर भेटायला बोलावून लुबाडण्याचे प्रकार सुरूच आहेत. तक्रार करायची तर आधी स्वतःची ओळख पोलीस चौकीत उघड करावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखं कलमच उरलं नाही, त्यामुळे पुरुषावर किंवा पारलिंगी व्यक्तीवर बळजबरी झाली तर लावायचं कलम कोणतं, हा प्रश्न उघडाच आहे.

व्यावसायिक मदतीचं चित्र थोडक्यात सांगता येईल, कारण ते तोकडं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांना क्विअर माणसांशी कसं काम करावं याचं प्रशिक्षण सुरू केलं, हे गेल्या दशकातलं मोलाचं काम. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने १९९० पासून मराठीतून मनाबद्दल बोलण्याची सवय लावली, त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला. सरकारची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि मराठीतून बोलता येतं. पण तासाला हजार-दीड हजार रुपये देऊन दर आठवड्याला जाणं किती जणांना परवडतं? उरलेल्या सहा दिवसांचा समुपदेशक फ्लॅटमधला मित्रच असतो, आणि त्यालाही सकाळी नऊची शिफ्ट असते.

म्हणून मित्राला शिकवायला हवं आणि त्याला मोकळंही करायला हवं. हे शक्य आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीने नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबवला. गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याची, धोका ओळखण्याची आणि पुढे डॉक्टरकडे पोचवण्याची शिकवण दिली. जे खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी जमलं ते सूसच्या सोसायटीत किंवा हिंजवडीच्या कंपनीत जमू नये असं काही नाही. मित्राला तीन गोष्टी आल्या तरी पुरे. आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एकट्याने सांभाळायचं नाही, आणखी दोघांना सांगायचं, मात्र कुणाला सांगायचं ते ज्याला त्रास होतोय त्याच्या संमतीने. आणि आज मला जमणार नाही, असं म्हणण्याचा हक्क स्वतःला द्यायचा. बापूला यातलं एकही माहीत नव्हतं.

मित्राचं हे महत्त्व सिनेमाने अलीकडे ओळखलेलं दिसतं. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ २०२५ साली सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची ती गोष्ट. त्यात ओरडा नाही, मार नाही, आत्महत्याही नाही. ‘मित्राची गोष्ट’पासून इथवर यायला मराठीला चव्वेचाळीस वर्षं लागली.

आता कायद्याकडे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. २८ ऑगस्ट २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की क्विअर व्यक्तींना एकत्र बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला आडकाठी नाही. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लग्नाशिवायही ‘निवडलेलं कुटुंब’ असू शकतं असं म्हटलं. या तुकड्यांतून हक्काचं घर उभं राहायला वेळ लागेल.

पण एक दार आत्ताच उघडं आहे आणि त्यातून फारच थोडे लोक जातात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू २९ मे २०१८ पासून. याच्या मसुद्यात ‘आत्मीयता’ राबवणाऱ्या पुण्याच्या केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा वाटा होता. समाजाच्या नैतिक कल्पनांशी न जुळणं म्हणजे मनोविकार नव्हे, असं या कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय. अठराव्या कलमात लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई आहे. आणि चौदाव्या कलमानुसार कुणाही सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. तो रक्ताचा, लग्नाचा नातेवाईक असण्याची अट नाही. असा प्रतिनिधी निदान आणि उपचारांची माहिती मागू शकतो, निर्णयात मदत करू शकतो, घरी सोडण्याच्या वेळी त्याला विचारावं लागतं. कुणाला नेमलेलंच नसेल तर मात्र हा अधिकार आधी नातेवाइकांकडे जातो, म्हणजे कधीकधी ज्यांच्यापासून माणूस पळून आला त्यांच्याकडेच. हे फक्त मानसिक उपचारांपुरतं आहे, शस्त्रक्रियेच्या संमतीला लागू नाही, हेही ध्यानात ठेवावं.

यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही, वकील लागत नाही. कोऱ्या कागदावर मित्राचं किंवा मैत्रिणीचं नाव लिहून सही करायची किंवा अंगठा उठवायचा. मित्र सज्ञान हवा, आणि त्याची लेखी संमती घेऊन ठेवायची. मन बदललं तर नाव बदलता येतं. तुम्ही क्विअर असा, न्यूरोडायव्हर्जंट असा किंवा यातलं काहीच नसून घरापासून लांब राहणारे असा, तब्येत चांगली असतानाच हा कागद करून ठेवा. एक प्रत मित्राला द्या, एक तुमच्या डॉक्टरांच्या फाइलला लावा, आणि नाव लिहिण्याआधी त्याला विचारा.